जोहोर बारूला दोघांचा वीकएंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून, विशेषतः नवीन आलेल्या जोडप्यांकडून, हे प्रश्न सतत येत असतात. बहुतेकांची सुरुवात "चांगलं हॉटेल सुचवा" इथून होते. हॉटेलाकडे वळूच (प्रश्न १०), पण एका रात्रीची ही सहल हॉटेलामुळे क्वचितच फसते. ती फसते ती सिंगापूरहून मलेशियातल्या जोहोर बारूला (सगळे त्याला जेबी म्हणतात) नेणाऱ्या पुलावर. म्हणून आधी पूल कधी ओलांडायचा ते ठरवा आणि मगच खोली बुक करा.

१. जेबी नक्की किती लांब आहे? एका रात्रीसाठी जाण्यात अर्थ आहे का?

वुडलँड्सचा पूल, ज्याला सगळे कॉजवे म्हणतात, जेमतेम एक किलोमीटरचा आहे. तो १९२४ साली रीतसर उघडला. पश्चिमेकडचा तुआसचा दुसरा पूल १९९८ चा. ट्रेन पलीकडे पाच मिनिटांत पोचते. एका सिंगापूर डॉलरला मलेशियाचे तीनहून जास्त रिंगिट मिळतात. त्यामुळे इथे ज्या पैशांत खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत दिसते, त्याच पैशांत तिथे मोठी खोली, पोहण्याचा तलाव आणि भरपेट नाश्ता मिळतो. एका रात्रीसाठी अर्थ नक्की आहे, फक्त पुढचं उत्तर वाचून जा.

२. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर थेट निघालो तर चालेल का?

माझ्या मते हीच सगळ्यात वाईट वेळ. कारण साधं आहे. जोहोरमध्ये राहून सिंगापुरात नोकरी करणारे लाखो लोक रोज हा पूल ओलांडतात, पहाटे इकडे आणि संध्याकाळी तिकडे. शुक्रवारी संध्याकाळी ते घरी निघालेले असतात, सिंगापूरकर वीकएंडला निघालेले असतात आणि दोघांची दिशा एकच असते. रविवारी संध्याकाळी हेच चित्र उलट्या दिशेने दिसतं.

आणखी एक बदल जुन्या सल्ल्यांमध्ये सापडणार नाही. जोहोरमध्ये पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची आणि रविवार कामाचा असायचा. १ जानेवारी २०२५ पासून तिथेही शनिवार-रविवार सुट्टी झाली. त्यामुळे "रविवारी जेबीचे मॉल रिकामे असतात" हे आता विसरा.

मग जायचं कधी? शनिवारी उजाडायच्या आत चेकपॉइंटवर, म्हणजे सीमेवरच्या तपासणी नाक्यावर, पोचा किंवा शुक्रवारी जेवून-बिवून अगदी उशिरा निघा. परतताना रविवारी दुपारच्या जेवणाआधी निघालात तर सुटाल. सोमवारची रजा मिळत असेल तर त्याहून बरं: रविवारी दुपारी जा आणि सोमवारी दुपारी परत या. रविवारच्या रात्री खोलीही बहुधा स्वस्त पडते. मात्र सोमवारी पहाटे परतायचं धाडस करू नका. ती वेळ कामावर निघालेल्यांची.

लाँग वीकएंड, शाळांच्या सुट्ट्या (मार्च, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर-डिसेंबर), चिनी नववर्ष आणि हरी राया (ईद) हे दिवस टाळाच. गर्दीच्या काळात गाड्यांना तीन तासांपर्यंत थांबावं लागेल असा इशारा आयसीए, म्हणजे सिंगापूरचं इमिग्रेशन खातं, स्वतःच देतं. निघण्याआधी वनमोटरिंग या सिंगापूर सरकारच्या साइटवर दोन्ही पुलांच्या कॅमेऱ्यांची ताजी छायाचित्रं बघा. ती फुकट आहेत आणि खोटं बोलत नाहीत.

३. भारतीय पासपोर्टवर मलेशियाचा व्हिसा लागतो का?

सध्या नाही. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय नागरिकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश आहे आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतरचा बेत असेल तर आधी तपासा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. तुमच्यापैकी एकाने सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याला व्हिसाचा प्रश्नच नाही. दोघांच्या रांगा वेगळ्या होऊ शकतात एवढंच.

४. एमडीएसी म्हणजे काय? पीआर (सिंगापूरचे कायम रहिवासी) असलो तरी भरायचं का?

हे मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड. प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि प्रत्येक फेरीला नव्याने. सिंगापूरच्या नागरिकांना त्यातून सूट आहे. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचे पीआर असाल तर सूट नाही, आणि इथेच पुष्कळजण गफलत करतात. नवरा-बायकोचं कार्ड वेगवेगळं भरा. अर्ज पूर्ण फुकट आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ती साइट मलेशिया सरकारची नाही, लगेच बंद करा.

५. परत येताना सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं का?

पीआर किंवा ईपी (नोकरीचा पास), डीपी (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा), एलटीव्हीपी (लांबच्या मुक्कामाचा व्हिजिट पास) असे दीर्घ मुदतीचे पास असलेल्यांनी जमिनीवरच्या चेकपॉइंटने येताना भरायची गरज नाही. व्हिजिटवर आलेल्या पाहुण्यांनी भरायचंच (प्रश्न १५).

६. बस, ट्रेन की गाडी?

शहरातच राहणार असाल तर ट्रेन, आणि तिकीट मिळालं नाही तर बस. गाडी फक्त देसारू किंवा मलाक्कासाठी (प्रश्न १०).

मलेशियाच्या केटीएम रेल्वेची शटल तेब्राऊ ही ट्रेन वुडलँड्सहून सुटते आणि जेबी सेंट्रलला उतरवते. जाताना ५ सिंगापूर डॉलर, येताना ५ रिंगिट. त्यामुळे येतानाचं भाडं तिपटीहून स्वस्त पडतं. जाताना दोन्ही देशांचे सोपस्कार वुडलँड्सलाच उरकतात आणि पलीकडे उतरलं की थेट बाहेर. वीकएंडची तिकिटं मात्र विक्री उघडल्यावर पाहता पाहता संपतात. परतीचं तिकीट आधी हातात घ्या, कारण खरी अडचण रविवारी येते.

बसमध्ये क्रांजीहून सीडब्ल्यू १ (सीडब्ल्यू म्हणजे कॉजवे लिंक कंपनीच्या बस), क्वीन स्ट्रीटहून १७० किंवा सीडब्ल्यू २, वुडलँड्सहून ९५० आणि जुरोंगहून १६० हे नेहमीचे पर्याय. तुआसमार्गे जेबीतल्या बुकित इंदाहला जायचं असेल तर जुरोंग ईस्टहून सीडब्ल्यू ३.

वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चगर अशी आरटीएस ही नवी रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू करायचं ठरलेलं आहे. तिची क्षमता तासाला एका दिशेने दहा हजार प्रवाशांची आहे. ती धावू लागली की या पानाचा निम्मा भाग बाद होईल, आणि तसं झालं तर मला आनंदच होईल.

७. चेकपॉइंटवर बसमधून उतरलो आणि बस निघून गेली तर?

जाऊ दे. ती थांबतच नसते. पूल ओलांडताना तुम्ही दोनदा उतरता: एकदा सिंगापूरच्या बाजूला, एकदा मलेशियाच्या. प्रत्येक वेळी सगळं सामान सोबत घ्यायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि खाली त्याच नंबरच्या पुढच्या बसमध्ये बसायचं. सीडब्ल्यू बसचं कागदी तिकीट घेतलं असेल तर जपून ठेवा. कार्डाने चढला असाल तर तेच कार्ड वापरा. मोठी चाकांची बॅग आणलीत तर जिन्यांवर आणि गर्दीत पस्तावाल. एका रात्रीला पाठीवरची सॅक पुरते.

मलेशियाच्या बाजूला काउंटरवरून गेलात तर पासपोर्टवर शिक्का बसला का ते तिथेच उभं राहून बघा. प्रवेशाची नोंद नसेल तर बाहेर पडताना वेळ आणि डोकं दोन्ही खर्च होतं.

८. आमच्याकडे सिंगापूरची गाडी आहे. काय काय तयारी लागते?

चार गोष्टी. पहिली व्हीईपी, म्हणजे मलेशियात परदेशी गाडी आणण्याचा परवाना आणि त्याचा आरएफआयडी टॅग. १ जुलै २०२५ पासून तो नसलेल्या सिंगापूरच्या गाड्यांना ३०० रिंगिट दंड होतो. अर्ज आधीच करून ठेवा, आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

दुसरी टच अँड गो कार्ड. टोल आणि प्रत्येक प्रवेशाचे २० रिंगिट त्यातूनच कापले जातात. बॅलन्स कमी असेल तर बूथवर तुम्ही अडकाल आणि मागचे सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतील.

तिसरी, सिंगापूर सोडताना टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली हवी. कमी असेल तर दंड आणि वर परत पाठवणी. चौथी, मलेशियात परदेशी गाडीत आरओएन ९५ पेट्रोल भरायला मनाई आहे. तुमच्यासाठी आरओएन ९७. पंपावर कोणी हटकत नाही म्हणून आरओएन ९५ च्या पिवळ्या नोझलला हात लावू नका, लोक फोटो काढून टाकतात आणि मग बातमी होते.

सिंगापूरचं लायसन्स तिथे चालतं. विमा मलेशियात लागू आहे ना ते पॉलिसीत वाचून घ्या.

गाडीने जाण्यातली एक सोय म्हणजे सिंगापूरच्या बाजूला क्यूआर कोड. मायआयसीए ॲपमध्ये दोघांचे तपशील एकाच कोडात भरले की पासपोर्ट न देता पुढे जाता येतं. मलेशियाच्या बाजूला मात्र पासपोर्ट लागतोच, घरी ठेवून जाऊ नका.

९. गाडी भाड्याने घेतली तर? किंवा ग्रुपवर जाहिरात येते ती व्हॅन?

सिंगापुरातल्या अनेक भाड्याच्या गाड्यांना पुलापलीकडे नेण्याची मुभा नसते, म्हणून करार नीट वाचा. सोपा उपाय असा: पूल बसने किंवा ट्रेनने ओलांडा आणि पलीकडे ग्रॅबची टॅक्सी बोलवा. ॲप तेच चालतं आणि भाडं ऐकून हसू येतं.

दारापासून दारापर्यंत सोडणाऱ्या खासगी व्हॅन अनेकदा बेकायदा असतात. पकडल्या गेल्या तर गाडी जप्त होते, आणि अपघात झाला तर विम्याचा भरवसा नाही. क्वीन स्ट्रीटजवळच्या बान सान स्ट्रीटवरून जेबीतल्या लार्किन बसस्थानकाला जाणाऱ्या परवानाधारक टॅक्सी आहेत. त्या घ्या.

१०. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला मी जेबी सेंट्रलच्या आसपासचाच भाग सुचवतो. ट्रेनमधून किंवा बसमधून उतरल्यावर पादचारी पुलावरून सिटी स्क्वेअर मॉलमध्ये जाता येतं आणि जालान त्रुस, जालान तान हिओक नी हा जुना भाग पायी फिरता येतो. परतायची वेळ तुमच्या हातात राहते, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पुलावरची गर्दी बघून सकाळी आठ वाजता "आत्ता निघू" म्हणता आलं पाहिजे.

केएसएल सिटी या मॉलच्या बाजूला खोल्या स्वस्त आणि मसाजची दुकानं भरपूर, पण आवाजही भरपूर. तलाव आणि निवांतपणा हवा असेल तर तुआसच्या बाजूचं पुतेरी हार्बर बघा. लेगोलँड जवळ असल्यामुळे तिथे मुलाबाळांची कुटुंबं जास्त असतात, तेव्हा "फक्त दोघं" या कल्पनेला थोडा धक्का बसेल.

देसारू ही वेगळीच सहल. समुद्रकिनारा आहे, वेस्टिन, अनंतारा, हार्ड रॉक अशी हॉटेलं आहेत, आणि सिंगापूरच्या तनाह मेराहहून थेट फेरीबोटही जाते, म्हणजे पुलाचं नावच नको. पण पैसे सिंगापूरच्या जवळपास जातात आणि नोव्हेंबर ते मार्चच्या पावसाळी वाऱ्यांत समुद्र खवळलेला असतो. लग्नाचा वाढदिवस त्या महिन्यांत येत असेल तर पोहण्याची आशा तलावावरच ठेवा.

मलाक्का सुंदर आहे, २००८ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, पण जेबीहून दोनशे किलोमीटरवर. एका रात्रीत उरकलंत तर तिची आठवण बसच्या सीटचीच राहील. दोन रात्री हाताशी असतील तरच जा, आणि त्यात शुक्रवार ते रविवारमधली एक संध्याकाळ ठेवा, जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार तेव्हाच भरतो.

११. हॉटेलात लग्नाचा दाखला मागतात का? आमचं अजून लग्न झालेलं नाही.

मुस्लिम नसलेल्या जोडप्याला साधारणतः काही विचारत नाहीत. दोघांचे पासपोर्ट पाहतात, अनामत रक्कम घेतात, किल्ली देतात. लग्नानंतर बायकोने आडनाव बदललेलं नसलं तरी अडत नाही.

अपवाद गंभीर आहे. मुस्लिम व्यक्तीने लग्नाचं किंवा जवळचं नातं नसलेल्या व्यक्तीबरोबर एकांतात राहणं हा मलेशियात शरिया कायद्याखालचा गुन्हा आहे. त्याला खलवत म्हणतात. दोघांपैकी एक जरी मुस्लिम असेल आणि लग्न झालेलं नसेल तर एकत्र खोली घेऊ नका. लग्न झालं असेल तर दाखला सोबत ठेवा. "हॉटेल मोठं आहे, कोण बघतंय" असं काही ग्रुपवर सांगतात. मी सांगणार नाही.

१२. सगळे पैसे ऑनलाइन भरले होते, तरी काउंटरवर दहा रिंगिट का घेतले?

तो पर्यटन कर. परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट. माणशी नाही, खोलीमागे. फसवणूक नाही, वाद घालू नका. अनामत रकमेची पावती मात्र मागून घ्या.

१३. शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल, पण "व्हेज" या शब्दावर विसंबू नका. मलाय स्वयंपाकात सुकवलेली कोळंबी कुटून केलेला बेलाचान आणि इकान बिलिस नावाचे बारीक सुके मासे कुठेही डोकावतात. हिरवी पालेभाजी दिसते तीही त्यातच परतलेली असते. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला आणि मोहक, पण वरचं सांबाल विचारूनच घ्या. रोती चनाईबरोबर येणारी आमटी कधी डाळीची असते, कधी माशाची. "कुआह डाल" म्हणून मागा. आणि हे वाक्य पाठ करा: "तक नाक दागिंग, तक नाक इकान, तक नाक उदांग." मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको.

जालान उंगकू पुआनच्या आसपासच्या लिटल इंडियात केळीच्या पानावरचा भात आणि तोसाई, म्हणजे आपला डोसा, सहज मिळतो. चिनी बौद्ध शाकाहारी हॉटेलांत मांसासारखं दिसणारं बहुधा सोयाबीनचं किंवा गव्हातल्या प्रथिनाचं असतं. तिथे कांदा-लसूणही बहुधा नसतो, त्यामुळे जैन मंडळींना तीच सोयीची.

१४. दोन दिवस तिथे करायचं काय?

फारसं काही नाही, आणि जोडप्यासाठी तीच मजा. उशिरा उठा. जालान तान हिओक नीवरच्या जुन्या दुकानांतून आणि कॅफेंतून भटका. तिथल्या हिआप जू बेकरीचा लाकडाच्या भट्टीतला केळ्याचा केक घ्यायला रांग असते, ती लावण्यासारखी आहे (केकमध्ये अंडं आहे). काचेच्या तुकड्यांनी आतून बाहेरून मढवलेलं राजकालीअम्मन मंदिर बघा. सिनेमा, मसाज, केस कापणं, चष्मा हे सगळं सिंगापूरपेक्षा स्वस्त. कित्येक जोडपी खरं तर दाताच्या डॉक्टरसाठी जातात आणि हॉटेल नंतर जोडतात. रोमँटिक म्हणावं का ते तुम्ही ठरवा.

घड्याळ आणि प्लग दोन्ही सिंगापूरसारखेच. मोबाइलचं रोमिंग पूल यायच्या आधी सुरू करा. रस्त्यावरून चालताना पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर अडकवू नका, मोटरसायकलवरून हिसकावण्याचे प्रकार होतात.

१५. आई-बाबा भारतातून आलेले आहेत. त्यांना नेलं तर चालेल?

मलेशियाचं सोपं आहे, प्रश्न ३ आणि ४ त्यांनाही लागू. अडचण परतीची. त्यांच्या सिंगापूरच्या व्हिसावर किती फेऱ्यांची परवानगी आहे ते आधी वाचा. एकाच फेरीचा असेल तर पुलापलीकडे पाऊल टाकलं की तो संपला. अनेक फेऱ्यांचा असला तरी परत येताना नवं एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं आणि किती दिवस राहू द्यायचं हे अधिकारी नव्याने ठरवतो. केवळ मुक्काम वाढवून मिळावा म्हणून आई-बाबांना जेबीला फिरवून आणण्याची युक्ती करू नका. त्यांना गुडघेदुखी असेल तर बसचे जिनेही लक्षात घ्या (प्रश्न ७).

दोघंच जाणार आणि नातवंडं आजी-आजोबांकडे ठेवणार असाल, तर हे उत्तर तुम्हाला लागू नाही. मजा करा.

१६. खरेदी किती आणता येते? एखादी वाइनची बाटली?

मलेशियातून येताना दारूवर ड्यूटी-फ्री सवलत नाही, एका बाटलीवरही नाही. सिगारेटवर तर कुठूनही येताना नाही. आणायचीच असेल तर जाहीर करा आणि कर भरा. च्युइंगम आणि वेप आणूच नका.

बाकीच्या नव्या वस्तूंवर ९ टक्के जीएसटी लागतो. त्यातली सवलत अशी: ४८ तासांपेक्षा कमी बाहेर असाल तर १०० डॉलरपर्यंत, त्याहून जास्त असाल तर ५०० डॉलरपर्यंत. एका रात्रीच्या सहलीला म्हणजे १०० च. पण ही सवलत नागरिक, पीआर आणि पाहुणे यांना. ईपी, डीपी, वर्क परमिट किंवा एलटीव्हीपीवाल्यांना ती मुळीच मिळत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना हे माहीतच नसतं. मोठी खरेदी असेल तर कस्टम्सच्या ॲपवरून आधीच जाहीर करून कर भरता येतो.

१७. नवरा नोकरी बदलतोय. जुना ईपी रद्द झालाय, नवा यायचाय. मधल्या वीकएंडला जाऊन येऊ?

नको. ईपी रद्द झाल्यावर मिळालेली मुदत ही इथे असेपर्यंतची असते. एकदा बाहेर पडलं की परत येताना भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागेल. त्याच्या पासवर अवलंबून असलेला बायकोचा डीपीही सोबतच जातो, हे विसरलं जातं. नवा पास हातात आला की मग साजरं करा.

१८. मी पीआर आहे. मला तर काही बघायला नको ना?

रीएंट्री परमिटची तारीख बघा. पीआरचा दर्जा आणि बाहेर जाऊन परत यायचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परमिट संपलेलं असताना बाहेर पडलात तर दर्जाच धोक्यात येतो, मग ते अमेरिकेला असो की पाच मिनिटांवरच्या जेबीला. आणि नवा भारतीय पासपोर्ट काढला असेल तर तो आयसीएकडे नोंदवलाय ना तेही तपासा.

१९. तिथे पासपोर्ट हरवला तर?

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. भारतीय उच्चायुक्तालय क्वालालंपूरला आहे, जेबीत नाही, त्यामुळे तिथवर जावं लागणार हे धरून चाला. सिंगापूरचा पास फोनमध्ये दिसतो म्हणून पुलावर सोडणार नाहीत, प्रवासाचं वैध कागदपत्र लागतंच. दोघांनी एकमेकांच्या पासपोर्टचे आणि पासचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, आणि दोन्ही पासपोर्ट एकाच पर्समध्ये ठेवू नका.